मधली अक्षरं

"जुळलं, आई!" म्हणत जावईबापूंनी चहाचा कप उचलला. आमच्या लुगड्यांचे नमुने कॉम्प्युटरमध्ये कुलूपबंद करणारी लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामची फाइल, त्यांनी नेटवरून फुकट उतरवली होती. ती अस्सल असेल, तर मूळ साइटवरची अक्षरांची लांबलचक ओळ आणि उतरवलेल्या फाइलवरून कॉम्प्युटरने काढलेली ओळ तंतोतंत सारखी हवी.

"सगळी ओळ बघितली का?" मी विचारलं, तर ते हसले, "पहिली चार अक्षरं बघितली, शेवटची चार बघितली. तुम्हाला इंग्रजी वाचता तरी येतं का?"

काठाचे धागे तपासते तसं मी दोन्ही ओळींवर बोट ठेवलं. पाचव्या अक्षरालाच अडलं. मधलं सगळं वेगळं.

त्यांचा चहा सांडला. "खोटी फाइल आहे! बसवली असती, तर सगळे नमुने चोरीला गेले असते."

"पुसा ती. चहाही पुसा. मला वाचता येत नाही ना, जावईबापू, म्हणून सगळं बघावं लागतं."