अठराच्या अठरा

पाच कॅमेरे होते, बावीस बॅटऱ्या, चार कॉलर माइक, पाऊस आलाच तर पांघरायला एक मोठे प्लास्टिक. आणि धाकटीच्या कॅमेऱ्यात नीट आलेल्या फेकी होत्या अठरापैकी सात. उरलेल्या अकरांत आकाश होते, झाडांचे शेंडे होते आणि एकदा एक कावळा अगदी स्पष्ट आला होता.

“कावळा छान आलाय,” ताई म्हणाली. ताई म्हणजे डिस्क गोल्फ स्पर्धेच्या चित्रणाची दिग्दर्शिका. वयाने मोठी म्हणून सगळे तिला ताई म्हणत, आणि कॅमेरावाल्यांतल्या सर्वांत लहान मुलीला धाकटी.

मग तिने धाकटीला बाजूला घेऊन शांतपणे सांगितले, की उद्याही असेच झाले तर पुढच्या हंगामासाठी दुसरे कुणीतरी बघावे लागेल. धाकटीने मान हलवली. या कामासाठी तिने बँकेतली नोकरी सोडली होती.

डिस्क गोल्फ तसा साधा खेळ. झाडांमधून डिस्क फेकत ती साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये टाकायची, अशी अठरा होल. ज्याच्या एकूण फेकी कमी, तो जिंकला. पण प्रत्येक होलची पहिली, लांबची फेक टिपणे महाकठीण. बशीएवढी डिस्क, मोटारीच्या वेगाने येणारी. कॅमेरा खेळाडूच्या समोर, थोडा बाजूला. मधल्या झाडांना वळसा घालायला बहुतेक वेळा दोन वाटा, डावी आणि उजवी. डिस्क हातातून सुटल्यावर कॅमेरा फिरवायला घेतला, की फ्रेममध्ये फक्त आकाश उरते. आधीच ओळखावे लागते.

पहिल्या गटात चार खेळाडू होते आणि प्रत्येकाला एक कॅमेरा. धाकटीच्या वाट्याला तिचेच बाबा आले होते. घरचा माणूस सोपा जाईल, असा ताईचा हिशोब.

बाबा सत्तावन्न वर्षांचे. या स्पर्धेत ते दोनदा दुसरे आले होते, पहिले कधीच नाही. यंदा मात्र पहिल्या दिवसाअखेर ते दोन फेकींनी पुढे होते.

संध्याकाळी स्वयंपाकघरात ते ओल्या फडक्याने डिस्क पुसत बसले होते. धाकटीने त्यांना सगळे सांगितले. कोणत्या होलला कुठून फेकणार ते आत्ताच सांगून ठेवा, असेही म्हणून पाहिले.

“आत्ता काय सांगू? तिथे उभं राहिल्यावर ठरतं, वारा बघून,” बाबा म्हणाले. “तू पाय बघ. ज्या बाजूने जायचं, तिकडे माझं पुढचं पाऊल आधी वळतं. हात नंतर.”

“पाय बघू, हात बघू, का डिस्क बघू?”

“डिस्क बघणारे बाहेर खुर्च्यांवर बसतात,” ते म्हणाले. “तू समोर उभी राहून बापावर नेम धरतेस. मग घाबरतेस कशाला?”

दुसऱ्या दिवशी पहिल्या होलला धाकटीने कॅमेरा रोखला. बाबा उभे राहिले. तिने त्यांच्या पायांवर नजर लावली आणि कॅमेरा उजवीकडे वळवला. डिस्क उजवीकडूनच आली, फ्रेमच्या मधोमध.

दुसऱ्या होलला डावीकडून. तिसऱ्याला पुन्हा डावीकडून. सातव्या होलपर्यंत एकही सुटली नाही. कसे कळते ते तिला सांगता आले नसते. एवढी वर्षे एका घरात काढली ती कुठेतरी उपयोगी पडत असणार, असे तिला वाटले. बाबांच्या फेकी मात्र झाडांना घासू लागल्या होत्या. सतरा होल झाली तेव्हा त्यांची आघाडी संपून दंतवैद्याशी बरोबरी झाली होती. हा दंतवैद्य त्यांचा जुना प्रतिस्पर्धी.

अठराव्या होलला उजवी वाट मोकळी होती. डावीकडे दोन झाडांमध्ये जेमतेम दारापुरती फट. बघायला आलेली माणसे आधीच उजवीकडे सरकून उभी राहिली. पण उजवीकडे सूर्य थेट लेन्समध्ये येत होता आणि ऐन वेळी धाकटीचा कॅमेरा डावीकडे वळला. गेली ही, असे तिच्या मनात येते न येते तोच डिस्क डावीकडून आली, फटीतल्या एका खोडावर आपटली आणि खाली पडली. सगळे फ्रेममध्ये.

बाबा एका फेकीने हरले.

“काका, उजवीकडे रान मोकळं होतं की,” दंतवैद्य हात मिळवताना म्हणाला.

“वारा फिरल्यासारखा वाटला,” बाबा म्हणाले. कॉलर माइकवर ते धाकटीला ऐकू आले.

ताईने तिला मिठीच मारली. अठराच्या अठरा. हंगामाचे काम पक्के. धाकटीला हसूही येत होते आणि बाबांकडे बघवतही नव्हते. परतताना गाडीत तिने विचारले, फार वाईट वाटले का. बाबा बिस्किटाचा पुडा फोडत होते.

“दुसरं यायची सवय आहे गं मला,” ते म्हणाले. “तुझं काय झालं ते सांग.”

तिने सांगितले. त्यांनी तिच्याकडून ते दोनदा ऐकले.

सकाळी संकलनाच्या खोलीत ताईने तिला एक काम दिले. इतर कॅमेरावाल्यांना शिकवता येईल असे काहीतरी हवे होते. धाकटीच्या चित्रणात सुरुवातीला बाबा पायांसकट दिसतच होते. तेव्हा प्रत्येक फेकीत त्यांचे पाऊल कोणत्या फ्रेमला वळले आणि कॅमेरा कोणत्या फ्रेमला वळू लागला, ते टिपायचे. मधले अंतर म्हणजे तिची चपळाई. सेकंदाला पंचवीस फ्रेम, त्यातल्या आठ-दहा फ्रेमचे असेल, असा ताईचा अंदाज होता.

धाकटीने अठराव्या होलपासून सुरुवात केली. एकेक फ्रेम पुढे नेत तिने दोन आकडे लिहिले आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मग उरलेल्या सतराही फेकी तशाच तपासल्या.

अठराही वेळा आधी कॅमेरा वळला होता, आणि सरासरी एकोणीस फ्रेमनंतर बाबांचे पाऊल.