डाव्या डोळ्याची आखणी

गणपतीचा उजवा डोळा आबांनी सुरेख आखला आणि डाव्यापाशी त्यांचा हात थरथरायला लागला.

"करंगळी गालावर टेकवा, आबा," मी म्हणाले.

"त्याच्या की माझ्या?"

पाट घेऊन दारात उभे असलेले कडूकाका म्हणाले, "घरी भटजी येऊन बसलेत हो. एका डोळ्याचा बाप्पा नेऊ?"

मी आबांचं मनगट धरलं, तर माझेच हात कापायला लागले. माझी कोपरं आईने धरली. पाट ठेवून काकांनी आबांचे खांदे दाबले.

हात एकदाचा स्थिर झाला. कुंचला डोळ्यावर टेकला आणि कोरडाच फिरला. रंगाची वाटी पुढ्यातच होती, पण बुडवायचा तर कुणीतरी हात सोडायला हवा होता.

"कोण सोडतंय?" आबांनी विचारलं.

आम्ही सगळ्यांनी पकड आणखी घट्ट केली.