नाकाचा पगार

दार उघडून स्नेहा उंबऱ्यातच थांबली. घरात फिनेलचा वास होता, त्यावर मोगऱ्याच्या अगरबत्तीचा. नेहमीचा सुक्या जवळ्याचा नव्हता. बाल्कनीत सुक्या मासळीच्या गोण्या असायच्या, तिथे आता फरशीचे फिकट चौकोन उरले होते.

"आई?"

"हितं हाय." आवाज मागून आला. गंगाबाई वरच्या जिन्याच्या पायरीवर बसली होती. पुढ्यात बादली, हातात अर्धं लिंबू. सकाळी घर पुसून ती बाजारात गेली होती; परत येऊन अजून घरात शिरलीच नव्हती.

"गोण्या कुठे गेल्या?"

"शिरढोनला, वेनूमावशीच्या पडवीत. सकालीच टेम्पोत घातल्या."

"आणि तुझा धंदा?"

"बाजारात करीन की. पहाटं वेनूकडं जायचं, माल घ्यायचा, पनवेल गाठायचं. त्यात काय?"

काल रात्री स्नेहाने तिला सगळं सांगितलं होतं. अत्तरं बनवणारी कंपनी, वास ओळखायचं काम, सध्याच्या मसाल्याच्या लॅबमधल्या पगाराच्या दुपटीहून जास्त पैसे. अट एकच, राहत्या घरात उग्र वास नको. सुकी मासळी तर नकोच. उद्या संध्याकाळी सहाला त्यांचा फोन येईल, तेव्हा हो की नाही ते सांगायचं. गंगाबाई खूप हसली होती. "नाकाला पगार? मंग अर्धा मला दे. तुजं नाक माज्याच पोटातून आलंय."

अटीबद्दल तेव्हा ती काहीच बोलली नव्हती.

"अगरबत्ती कशाला लावलीस? तीही चालत नाही त्यांना."

"तीबी नाय? मंग देवानं करायचं काय?"

चौथ्या मजल्यावरचे भगवानकाका पिशवी घेऊन खाली उतरत होते. गंगाबाईने बादली बाजूला ओढून त्यांना वाट दिली. "काय गंगाबाई, आज जिन्यात वास नाही. घर विकलं की काय?"

"वासाचं भाडं थकवलंत तुमी, म्हनून बंद केला," ती म्हणाली. काका हसत खाली गेले. ती पुन्हा लिंबू चोळू लागली.

एकाच वासात राहिलं की नाक थोड्या वेळाने तो वास कळवणं सोडून देतं. हा बिघाड नाही. नाक फक्त बदल कळवतं. जे कायम आहे, ते नाही. स्नेहा हे कॉलेजात शिकली, आणि शाळेतल्या मुली आपल्या शेजारून उठून बाक का बदलायच्या, त्याचा उलगडा तिला तिथे झाला. त्यांना येणारा वास तिला स्वतःला कधीच आला नव्हता.

"आत ये ना आता."

"थांब गो. हाताचा जाऊ दे पयलं." गंगाबाईने हात धुतले, पदराला पुसले, मग पदराकडे बघून पुन्हा धुतले. उठून दाराशी आली, पण उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. दोन्ही तळवे तिने पुढे केले. "बघ. येतंय काय?"

स्नेहाने तिचा उजवा हात धरून नाकाशी नेला. आधी लिंबू आलं, मग साबण. त्याखाली जवळा होता, खारा आणि किंचित गोडसर. त्याच्याही खाली आणखी एक वास होता, मासळीचा नाही, त्या हाताचाच. कंपनीने पाठवलेल्या तक्त्यात वासांची पुष्कळ नावं होती. या वासाला त्यातलं एकही बसेना. हा वास तिला आज पहिल्यांदाच येत होता.

"खरं सांग हां. लबाडी नको."

"येतो," स्नेहा म्हणाली.

गंगाबाईने मान हलवली. यात तिला वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं; अजून एकदा धुवायला लागणार, एवढंच. ती बादलीकडे वळली, पण स्नेहाच्या मुठीतून हात सुटेना.

"सोड गो. तुज्या हाताला वास लागंल."

आत फोन वाजायला लागला.

"अगो, तुजा फोन. त्यांचाच असंल."

स्नेहाने तिचा दुसरा हातही धरला.