निळ्या शाईवरची रेघ

"रेघेपर्यंत जायचं. रेघ सोडलीस तर हाउसिंग भंगारात," आबा म्हणाले. रोटरी इंजिनाची अशी दोनच हाउसिंगं, म्हणजे बाहेरची कवचं, आमच्याकडे होती; आता ती कुठंच मिळत नव्हती, आणि रविवारी शर्यत होती.

धूर बाहेर पडायचं भोक मोठं करायचं होतं. कुठवर घासायचं ते दाखवायला आबांनी निळी शाई लावून त्यावर सुईनं रेघ मारली होती. डावीकडे ती सुरेख वळली होती. उजवीकडे मात्र थरथरत बाहेर गेली होती, आणि तिथंच पातळ भिंतीमागे इंजिन थंड ठेवणारं पाणी खेळतं; तिथवर घासलं तर भिंत फुटणार.

आबांचा हात मी कधी थरथरलेला पाहिला नव्हता.

"थांबलीस का? चालव ग्राइंडर!"

मी डावी बाजू रेघेपर्यंत घासली. उजवीकडे आल्यावर श्वास रोखला आणि रेघेच्या बऱ्याच आत वळले. रेघ तशीच उघडी राहिली.

ग्राइंडर बंद झाल्यावर आबांनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. त्या रेघेपाशी ते थबकलं. मी मान खाली घातली.

मग त्यांनी सुई माझ्या हातात कोंबली.

"दुसऱ्या हाउसिंगवर रेघ तूच मार. आणि स्वतःची रेघ तरी सोडू नकोस."