चुका पकडणाऱ्यांची खोली

फळ्यावर तिच्या नावापुढे चार होत्या. अवघ्या चार! शेजारी बसणाऱ्या 'ससाण्या'च्या नावापुढे एकोणतीस, बाकीच्यांच्या बारा-पंधरा. तिमाही संपायला चार दिवस उरले होते आणि ज्याच्या सगळ्यात कमी, त्याने घरी जायचं, असा वरून हुकूम होता.

चार म्हणजे चुका. तिने केलेल्या नव्हेत, पकडलेल्या. पंधरा वर्षं तिने दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरचा कोड स्वतः लिहिला होता. आता तो एआय एजंट लिहायचा. दिवसाला हजारो ओळी, ना चहा, ना रजा, ना डोकेदुखी. खोलीतल्या सहा जणांनी त्या वाचायच्या आणि चूक दिसली की नोंदवायची, एवढंच काम उरलं होतं.

"चुकणार ते मशीन, आणि नोकरी जाणार तुझी?" सासूबाईंनी विचारलं होतं. "अजबच न्याय म्हणायचा!"

तिला हसू आलं नव्हतं. नवराही कोडच लिहायचा, त्याची नोकरी वर्षापूर्वी गेली होती. तो दिवसभर अर्ज करायचा आणि ती घरी आली की "आज काही नाही" एवढंच म्हणायचा. आता तिचीही गेली तर घर चालायचं कशावर?

"काय ताई, चष्म्याचा नंबर वाढला वाटतं?" ससाण्याने फळ्याकडे बघत चिमटा काढला. नजर तीक्ष्ण म्हणून सगळे त्याला ससाणाच म्हणायचे.

गटप्रमुख काका तेवढे धीर द्यायचे. साठीला टेकलेला माणूस, सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. या सहाही जणांना त्यांनीच हाताला धरून शिकवलं होतं. "अगं, तोंड पाडून काय बसतेस? तुझ्याही पदरात पडेल एखादी," ते म्हणायचे. आणि अधूनमधून पडायचीही.

मंगळवारी पडली. शेवटच्या तारखेचा पेशंट यादीतून गळत होता. एका चिन्हाची साधी चूक. नोंदवण्याआधी एजंटला कारण विचारायचा नियम कागदावरच होता, घाईत कोणी पाळत नसे; या वेळी तिने विचारलं, असं का लिहिलंस? एजंटचं उत्तर आलं, ही ओळ माझी नाही.

"चोराच्या उलट्या बोंबा!" ती पुटपुटली. पण मनात पाल चुकचुकली. एजंटचा कच्चा खर्डा आधी एका वेगळ्या फोल्डरमध्ये पडायचा, तिथून या खोलीत यायचा. तिने तो उघडला. तिथे ती ओळ बरोबर होती.

म्हणजे मध्ये कोणीतरी हात घातला होता. कोणी, ते बघायची मुभा तिला नव्हती. पण संशय यायला मुभा कशाला लागते? जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून तिने ससाण्याच्या एकोणतीस नोंदी काढल्या आणि एकेक पडताळली. एकोणतीसच्या एकोणतीस ओळी खर्ड्यात बरोबर!

म्हणजे हा पठ्ठ्या स्वतःच चुका पेरतो आणि स्वतःच पकडतो. त्याच्या हातून निसटलेली एखादी आपल्या नशिबी येते. आपण इमानदारीत मरायचं आणि हा फळ्यावर मिरवणार! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ती आधी काकांकडे गेली.

"काका, कोणीतरी मुद्दाम चुका घालतंय. खर्डे ताडून बघितलेत मी."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "वरती बोललीस?"

"अजून नाही."

"मग नको बोलूस. चार दिवस थांब. तुझा आकडा वाढेल."

"वाढेल म्हणजे? आभाळातून पडणार आहेत का चुका? सरळ सांगा ना, तुम्हाला ससाण्याला वाचवायचंय."

"मला कोणालाच घरी पाठवायचं नाहीये, बाळा."

"पण एकाला जावंच लागणार आहे! मग ती मीच का?"

काका परत स्क्रीनकडे वळले. तिला त्यांचा भयंकर राग आला. इतकी वर्षं ज्यांना वडिलांच्या जागी मानलं, त्यांनी ऐन वेळी तिला वाऱ्यावर सोडलं होतं.

जिना चढताना तिला ससाण्याची धाकटी मुलगी आठवली. पाय क्षणभर अडखळला. पण आपल्यालाही मुलगी आहेच की, असं म्हणून ती वर गेली.

वरच्या मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "शाब्बास! असे डोळे हवेत."

"मॅडम, माझी नोकरी..." तिने लाज सोडून विचारलं.

"असं काम करणाऱ्याला कोण घालवेल? बसा."

तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. किती महिन्यांनी असा मोकळा श्वास आला होता. रडू येऊ नये म्हणून तिने ओठ आवळून धरले.

मॅडमनी स्क्रीनवर बदल करणाऱ्याचं नाव शोधलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "ससाणा म्हणालात ना? ससाणा नाही हा. तुमचे काका आहेत."

"काका? काहीतरीच काय! त्यांना कशाला... त्यांचा तर फळ्यावर आकडाच नसतो."

एकोणतीसच का, म्हणून मॅडमनी अख्ख्या खोलीच्या वर्षभराच्या नोंदी खर्ड्यांशी ताडायला लावल्या. दोन मिनिटांत निकाल आला. तो त्यांनी दोनदा वाचला.

"वर्षभरात तुम्ही सगळ्यांनी मिळून तीनशे एकेचाळीस चुका पकडल्यात. त्या सगळ्या काकांनी घातलेल्या. एजंटची स्वतःची एकही नाही." मॅडमनी वही पुढे ओढली आणि पेनाचं टोपण काढलं. "किती जण बसता म्हणालात तुम्ही त्या खोलीत?"