पातळ, लाल ऑइल

दिवाळी सरली की सुभेदार केसरकर आपली पिकअप घेऊन आजऱ्याच्या बाजारात शालनबाईंच्या ऑइलच्या दुकानी यायचे आणि विचारायचे, "बाई, फोर व्हीलच्या ट्रान्सफर केसमध्ये कुठलं ऑइल घालू?"

"गिअरचं जाड नको," शालनबाई सांगायच्या. "तुमच्या गाडीला पातळ, लाल लागतं. जाड घातलंत तर ऐन चढावर फोर व्हीलचा गिअर पडायचा नाही, चारही चाकांना जोर मिळायचा नाही."

फौजेत वीस वर्षं गाड्या चालवलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल, असं त्यांना कधीच वाटलं नाही. तरी त्या दरवर्षी सगळं सावकाश समजावून सांगायच्या, कारण तेवढा वेळ ते समोर उभे राहायचे. शालनबाईंचा नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. सुभेदारांची बायकोही आता नव्हती.

यंदा दिवाळी होऊन महिना लोटला. त्यांच्यासाठी काढून ठेवलेल्या डब्यावर धूळ बसली. रस्त्यावर पिकअपचा आवाज आला की शालनबाईंचा हात कामात थांबायचा.

शेवटी सुभेदार आले, ते चालत. "गाडी विकली, बाई. मुलगा नागपूरला बोलावतोय, आता तिकडेच राहायचं. म्हटलं, सांगून जावं."

"बरं केलंत," शालनबाई म्हणाल्या. पण ते पायऱ्या उतरू लागले तेव्हा बाईंना राहवेना. "जायलाच हवं का?"

सुभेदार वळले, वर आले आणि बाकावर बसले.

"तसं काही नाही," ते म्हणाले. "राहा म्हणणारं कुणी नव्हतं."