वरचा मजला

१९९९ चा जून. कारगिलची लढाई पेटली होती आणि विंग कमांडर गुर्जरांचा हेमंत तिथे लढाऊ विमान उडवत होता. एकाहत्तरच्या युद्धात पेटतं विमान तळावर परत आणून वीरचक्र मिळवलेले गुर्जर हल्ली सदाशिव पेठेतल्या आपल्या फ्लॅटची बेल वाजली तरी दचकायचे.

त्या दुपारी दारात दोन अधिकारी उभे होते. गणवेश हवाई दलाचा निळा नव्हता, लष्कराचा हिरवा होता. गुर्जरांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"सर, वरच्या मजल्यावरचे कॅप्टन मकरंद काल शहीद झाले. त्यांच्या आईंना सांगायचंय. आपण सोबत याल?"

आपल्याच त्या निःश्वासाची लाज वाटून गुर्जर खाली मान घालून जिना चढले. 'काका, मलाही तुमच्यासारखं व्हायचंय,' असं मकरंद त्यांना याच जिन्यात म्हणाला होता. खालच्या कॉम्प्युटर क्लासमधलं हसणं वरपर्यंत ऐकू येत होतं.

मकरंदच्या आईने, सुलभाताईंनी दार उघडलं. गुर्जरांचा पांढराफटक चेहरा आणि मागचे गणवेश पाहून त्यांनी चटकन गुर्जरांचा हात धरला.



"अहो भाऊसाहेब, हेमंतचं काही कळलं का? धीर धरा. आम्ही आहोत ना."